निळ्यावरचा हिरवा हात

मी, या कागदाच्या तळाशी सही करणारी, वय वर्षे एकोणसाठ, धंदा राहत्या घराच्या पत्र्याच्या शेडमध्ये ब्रशने गाड्या रंगवण्याचा, आज मंगळवार दिनांक १ ऑक्टोबर रोजी स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहायला घेत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेल्या डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला असून तो सोबत टाचला आहे. मला कोणी लिहायला भाग पाडलेले नाही. मात्र मी घाबरलेली आहे. घाबरलेल्या माणसाचे मृत्युपत्र चालते का, हे मी वकीलबाईंना आधीच विचारून घेतले. त्या म्हणाल्या, "ज्याला घाबरता त्याच्याच नावावर सगळं करत असाल तर चालणार नाही. तुम्ही तर त्याला काहीच देत नाही आहात. बिनधास्त लिहा." बिनधास्त जमणार नाही. पण लिहिते.

कलम एक. वारसांबद्दल. माझे लग्न कागदोपत्री मोडलेले नाही. घटस्फोट घ्यायचा तर कोर्टात पत्ता द्यावा लागतो, आणि तो पत्ता माझ्या नवऱ्यापर्यंत पोहोचला असता. म्हणून घर सोडून सव्वीस वर्षे झाली तरी मी त्याची बायको आहे. मृत्युपत्र न करता मी मेले, तर माझ्या मुलीच्या बरोबरीने तोही वारस ठरेल, असे वकीलबाई सांगतात. हे ऐकल्यापासून मला रस्ता ओलांडतानासुद्धा धडकी भरते. कागदावर नवऱ्याला 'ते' म्हणायची रीत आहे. मी 'तो' लिहिणार आहे. त्याला माझ्या मालमत्तेतला भिंतीचा खिळासुद्धा मिळू नये.

हे सगळे आताच का, तर त्याचे कारण असे. गेल्या महिन्यात एका गुरुवारी दुपारी मी भाजी घेऊन परत आले, तर शेडमध्ये उभ्या असलेल्या माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या दारावर कोणीतरी नाण्याने रंग खरवडलेला होता. पोरांची खोडी अशी नसते. पोरे लांब ओरखडा ओढून पळतात. हा अंगठ्याएवढा गोल होता. खरवडणाऱ्याने घाई केली नव्हती, कडा साफ ठेवून तो एकेका थरातून खाली उतरला होता. वर राखाडी, त्याखाली पांढरा, पिवळा, तपकिरी, मग हिरवा आणि सगळ्यांत खाली निळा. निळा लागल्यावर त्याने हात थांबवला होता. या गाडीच्या तळाशी निळा रंग आहे हे जगात चार माणसांना माहीत. मी, माझी मुलगी, माझ्या सासूबाई आणि तो. पिशवी हातातून कधी पडली ते मला कळले नाही. समोरचा कुलूपवाला टोमॅटो गोळा करून देत होता तेव्हा मी भानावर आले.

कलम दोन. गाडीबद्दल. गाडी बंद डब्याची, बाजूला सरकत्या दाराची. ती मूळची माझ्या वडिलांची. त्यांच्या पश्चात माझ्या नावावर झाली आणि आजही माझ्याच नावावर आहे, म्हणजे मी ती चोरून आणलेली नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण इतकी वर्षे पोलीस दिसला की मला चोरासारखेच वाटत आले. नवऱ्याचा पंप दुरुस्तीचा धंदा होता. गाडी हातात आल्या आल्या त्याने ती निळी करून घेतली आणि दोन्ही बाजूंना हातभर पांढऱ्या अक्षरांत स्वतःचे नाव घालून घेतले. गाडी मी चालवत असे, पण काट्यावरचा आकडा तो रोज वहीत लिहून ठेवी. एक किलोमीटर जास्त निघाला तर ओरडत नसे. घरात तो कधीच ओरडला नाही. जवळ येऊन हळू विचारायचा, "कुठं गेली होतीस?" अजूनही माझ्याशी कोणी हळू आवाजात बोलले की मी दोन पावले मागे सरते.

माझ्या डाव्या हाताची दोन बोटे वाकत नाहीत. गिऱ्हाइकांना मी सांगते, जॅक निसटला. ते खरे नाही. त्याने माझा हात चौकटीवर धरायला लावला आणि ते सरकते दार सावकाश लावले. दवाखान्यात म्हणाला, वाऱ्याने दार लागले. त्यानंतर वर्षभराने एका रविवारी तो आमच्या मुलीला म्हणाला, "ठकी, इथं हात ठेव. बघू, तू आईसारखी घाबरतेस का." ठकी सात वर्षांची होती. तिने हात ठेवला. त्याने दार तिच्या हातापासून चार बोटांच्या अंतरावर आणून थांबवले, हसला, आणि जेवायला आत गेला. मी तिथेच ठरवले.

पुढच्याच महिन्यात तो एक यंत्र आणायला तीन दिवसांसाठी रेल्वेने बाहेरगावी जाणार होता. निळ्या गाडीतून, त्याच्या नावानिशी निघाले असते तर पन्नास मैलांवरही कोणीतरी त्याला सांगितले असते. गाडी रंगवायला बाहेर द्यायची सोय नव्हती, गावातले सगळे गॅरेजवाले त्याच्या ओळखीचे. म्हणून मी खिडक्या रंगवायचे काढले. गंमत अशी की रंग त्यानेच पसंत केला. "हिरवा लाव," म्हणाला, "मळखाऊ आहे." मी दुकानातून खिडक्यांना लागतो त्याच्या चौपट रंग आणला आणि जास्तीचे डबे लाकडांच्या ढिगामागे ठेवले. ते पंधरा दिवस लाकडे आणायला तो गेला की माझ्या हातातले भांडे वाजायचे.

तो गेला त्या सकाळी मी गाडी मागच्या अंगणात घेतली, धुतली, पुसली आणि दोन इंची ब्रशने सुरुवात केली. गाडी आधी काचपेपरने घासायची असते, मग अस्तराचा रंग द्यायचा असतो, हे तेव्हा मला माहीत नव्हते, आणि असते तरी तेवढा वेळ नव्हता. पहिला हात मारून मी लांब जाऊन पाहिले, तर हिरव्यातून त्याचे नाव पांढरे फटक वर आलेले. पहिला हात वाळायच्या आधीच मी घाबरून त्यावर दुसरा मारला. रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. पण नाव होते तिथेच. मी ब्रश हातात धरून खाली बसले. तेवढ्यात भिंत धरत धरत सासूबाई बाहेर आल्या. इतक्या वर्षांत त्या मुलासमोर कधी माझ्या बाजूने एक शब्द बोलल्या नव्हत्या. मला वाटले, संपले.

"गाडी रंगवतेस?" त्यांनी विचारले.

"हो, आई."

"त्याला विचारलंस?"

"नाही."

त्यांनी गाडीचे दार उघडून पाहिले. मग म्हणाल्या, "दाराच्या सांध्यात निळा राहिलाय. दार उघडलं की दिसेल. तो लहान ब्रश दे इकडं."

त्या स्टूल घेऊन बसल्या आणि सांधे भरू लागल्या. मला म्हणाल्या, "आडवं मारू नकोस, वरून खाली ओढ. आणि अक्षरांवर आधी नुसता पातळ हात दे, तो वाळू दे." मी विचारले, तुम्हाला कसे माहीत. म्हणाल्या, "सबंध घराची दारं मीच रंगवायची. त्याचा बापही असाच होता. माझ्याकडं गाडी नव्हती." एवढेच. त्यानंतर त्या विषयावर आम्ही बोललो नाही. ठकीला आम्ही खिडकीपाशी बसवले होते आणि रस्त्यावर कोणी थांबले तर खोकायला सांगितले होते. दोन दिवसांत ती तीनदा खोकली, आणि तिन्ही वेळा मी ब्रश खाली ठेवून गाडीआड बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. माझे हात कोपरापर्यंत हिरवे. सासूबाईंनी उचलला. मी दारात उभी राहून ऐकत होते. "ती ना? खिडक्या रंगवतेय," त्या म्हणाल्या. मग नुसतेच हं, हं. फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काम लवकर झालं म्हणे. उद्या सकाळच्या गाडीनं येतोय." शेवटचा हात अजून अर्धाच झाला होता.

सकाळी आठला, शाळेच्या वेळेला, आम्ही निघालो. रंग हाताला लागत होता. मी म्हणाले, "आई, चला." त्या म्हणाल्या, "मी घरात असले तर त्याला पुढ्यात ताट मिळेल. जेवून, झोपून उठेपर्यंत तू लांब गेलेली असशील. जा." त्यांच्या नखांत हिरवा रंग होता. मी थिनरचा बोळा द्यायला गाडीतून उतरू लागले, तर त्यांनी दार बाहेरून लोटले.

स्टेशनसमोरून जायला नको होते, पण दुसरा रस्ता खणलेला. तिथे गाड्या तुंबल्या आणि मी अडकले. आणि तो गर्दीतून पेटी घेऊन बाहेर आला. रस्ता ओलांडायला तो माझ्या गाडीच्या मागून गेला आणि तोल सांभाळायला त्याने मागच्या दारावर हात टेकला. मी आरशात पाहत होते. त्याने तळवा उलटा करून पाहिला. सगळा हिरवा. तो ओरडला, "अहो, रंग ओला आहे तर पाटी लावायची ना!" ते तो मला, कोणी परका ड्रायव्हर समजून, म्हणाला. ठकी पायाशी, पोत्याखाली होती. पुढची गाडी हलली, मी गिअर टाकला. चाक मी धरले होते की चाकाने मला, सांगता येणार नाही.

घरी पोहोचेपर्यंत त्याला कळलेच असेल. हात हिरवा, अंगण रिकामे, अंगणात हिरवे थेंब. पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही. मी कधी पत्र पाठवले नाही, फोन केला नाही. सासूबाई माझ्या वाट्याचे सगळे ऐकत तिथे एकट्या उभ्या राहिल्या असतील, हे मला रोज दिसते. सव्वीस वर्षांत मी धड झोपलेली नाही, त्याला निम्मे कारण भीती आहे आणि निम्मे ही लाज.

त्याच्या हाताचा ठसा दारावर वाळला. दर पाच-सहा वर्षांनी मी गाडीचा रंग बदलला, पण घासला कधीच नाही. घासले तर निळा वर येईल ही भीती. इतरांच्या गाड्या मी आरशासारख्या घासते आणि माझी स्वतःची तशीच, हे धंद्यातल्या बाईला शोभत नाही. त्यामुळे तो ठसा आणि बाजूंवरचे त्याचे नाव आजही बोटांना लागते. आंधळ्या माणसालाही वाचता येईल. तरी माझ्या पश्चात गाडी ठकीने घ्यावी. चालवायची नसेल तर मोडीत काढावी, पण दोन्ही बाजूंचे पत्रे आणि मागचे डावे दार वेगळे कापून स्वतःच्या डोळ्यांसमोर वितळवून घ्यावे. हे लोखंड कोणी तसेच विकत नेऊ नये.

कलम तीन. माझ्या सासूबाई हयात असतील, तर आज त्या एक्क्याण्णव वर्षांच्या असतील. तसे असेल तर माझ्या घराची पुढची खोली, उन्हाची, मरेपर्यंत त्यांची. त्यांना आणायला ठकीने स्वतः जावे. एकटीने जाऊ नये.

कलम चार. दोन खोल्या आणि शेड असे माझे घर ठकीचे. बँकेत जे असेल ते तिचेच. घराच्या खरेदीखतावर मला माझे खरे नाव घालावे लागले. इथे सगळे मला रंगवाली म्हणतात आणि पहिली अठरा वर्षे मी कुठेच खरे नाव सांगितले नव्हते. माझा माग त्याला या खरेदीखतावरून लागला असावा. घर घेताना मी खूप आनंदात होते, म्हणून बेसावध राहिले.

कलम पाच. अवजारे. माझे सगळे चांगले ब्रश, पत्र्याच्या खड्ड्यांत लांबी भरायच्या पट्ट्या आणि उरलेले डबे समोरच्या कुलूपवाल्याला. त्याला रंगकाम येत नाही, पण त्याने माझ्या दाराला आजवर चार कुलपे बसवली आणि एकदाही कशाला म्हणून विचारले नाही. कोपऱ्यावरचा फवारा मशीनवाला मला आठ वर्षे "ब्रशनं गाडी रंगवायला ती काय भिंत आहे?" असे गिऱ्हाइकांसमोर ऐकवत आला आहे. त्याला माझा तीन केस उरलेला ब्रश द्यावा. डोके विंचरायला उपयोगी पडेल.

कलम सहा. मी मेल्यावर बातमी छापू नये. दारावर कागद लावू नये. चार माणसांत उरकावे आणि गर्दीत अनोळखी म्हातारा दिसला तर ठकीने मागच्या दाराने निघून जावे.

कलम सात. ठकी, तुझे वडील तापाने वारले असे मी तुला तू आठ वर्षांची असताना सांगितले. ते खोटे आहे. हे तुला तोंडावर सांगायचे धैर्य माझ्यात नाही, म्हणून मेल्यावर सांगते आहे. जमले तर माफ कर.

पुरवणी. रविवार, १३ ऑक्टोबर. वरच्या मजकुरावर मी सही केली नव्हती. करायला म्हणून कागद काढायचे आणि परत ठेवून द्यायचे, असे बारा दिवस गेले. परवा, शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, तो आला.

मी शेडमध्ये एका रुग्णवाहिकेच्या दाराला पांढरा देत होते. मागून आवाज आला, "हात चांगला बसलाय तुझा." हळू आवाज. मी वळायच्या आधीच माझे लुगडे ओले झाले. हे लिहिताना लाज वाटते, पण झाले ते झाले. तो वाळला आहे, काठी आली आहे, दात गेले आहेत. सहासष्ट वर्षांचा म्हातारा. मी मनाला सांगत होते, हा तुला काय करणार, एका धक्क्यात पडेल. मन ऐकत नव्हते. मी सात पावलांवर उभी होते आणि माझी न वाकणारी बोटे दुखायला लागली होती.

"आई गेली," तो म्हणाला.

"केव्हा?"

"तू गेलीस त्याच वर्षी, थंडीत. मी विचारलं, गाडी कुणी रंगवली. म्हणाली, मी. पुन्हा विचारलं. म्हणाली, मीच, ती पोरगी नुसती बघत होती. शेवटपर्यंत तेच." मग त्याने शेडवर, घरावर नजर फिरवली. "घर छान आहे. मला आता बघणारं कुणी नाही. कागदावर मी अजून तुझा नवराच आहे ना?"

समोरून कुलूपवाल्याने हाक मारली, "रंगवाली, कोण आहे गं?" इतकी वर्षे मी अशा वेळी म्हटले असते, कोणी नाही, गिऱ्हाईक आहे. तेच ओठांवर आले होते. पण बाहेर पडले ते वेगळेच. मी म्हणाले, "माझा नवरा आहे. मी याला घाबरते."

माझा आवाज चिरका होता आणि सगळ्या गल्लीला ऐकू गेला. कुलूपवाला हातातली कानस घेऊन रस्ता ओलांडून आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. पलीकडून डॉक्टरीणबाई पायरीवर आल्या. त्यांच्या बाकावरचे दोन रोगीही उठून आले. तो सगळ्यांकडे एकेक करून बघत होता. मग मला म्हणाला, "येईन पुन्हा." आणि काठी टेकत गेला. तो येईलही. भीती गेली असे मी लिहिणार नाही. काल दिवसभर मी दाराकडे तोंड करूनच बसले होते.

संध्याकाळी ठकी आली. मी तिच्यापुढे हे कागद ठेवले. तिने पहिल्यापासून वाचले. कलम सातवर ती थांबली आणि म्हणाली, "आई, आपण निघालो तेव्हा मी सात वर्षांची होते, तान्ही नव्हते. तू म्हणालीस बाबा वारले, तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी पुन्हा विचारलंच नाही. वाटलं, विचारलं तर तू खरं सांगशील." मग आम्ही दोघी रडलो. सासूबाईंसाठी रडलो, मुख्यतः.

म्हणून पुढील फेरफार. कलम तीन रद्द समजावे. ज्यांच्यासाठी ते लिहिले त्या सव्वीस वर्षांपूर्वीच गेल्या, आणि मी त्यांच्यासाठी उन्हाची खोली रिकामी ठेवत बसले होते. त्या खोलीत ठकीच्या मनाला येईल ते करावे. कलम सहा बदलले आहे. बातमी छापावी, माझ्या खऱ्या नावाने. कलम सात काढून टाकले आहे, कारण ते आता सांगून झाले. बाकी तसेच. घरी ठेवलेला कागद कोणी फाडू शकतो, म्हणून हे मृत्युपत्र उद्या नोंदवून टाकायचे ठरले आहे.

सोमवार. हे शेवटचे मी नोंदणी कार्यालयाच्या बाकावर बसून लिहीत आहे. ठकी एका बाजूला, दोन्ही साक्षीदार दुसऱ्या बाजूला. आत्ता खिडकीतल्या कारकुनाने माझे पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असे पुकारले आणि विचारले, "या बाई कोण?" मी आधी दाराकडे पाहिले. दारात कोणी नव्हते. मग उभी राहिले आणि म्हणाले, "मी."

सही थरथरत्या हाताने केली असल्याने अक्षर वाकडे आले आहे. ती माझीच आहे. खालील दोघांनी ती मला करताना पाहिली आहे, आणि मी त्यांना.

लिहून देणार : (सही) रंगवाली या नावाने ओळखली जाणारी, खरे नाव सहीत आहे

साक्षीदार :
१. (सही) कुलूपवाला, समोरचे दुकान
२. (सही) डॉक्टरीणबाई, गल्लीच्या तोंडाचा दवाखाना. लिहून देणार पूर्ण शुद्धीत असून नाडी फार जलद आहे, याची नोंद घ्यावी.

स्थळ : नोंदणी कार्यालय, तळमजला, खिडकी तीन
दिनांक : १४ ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे